कापूस निघाल्यावर देतो

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : कॉलेजच्या फीची तारीख आणि कापसाचा हंगाम यांचा मेळ घालण्याबाबत.

महोदय,



बाभुळगावात तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. एक संगणक, दोन प्रिंटर, लॅमिनेशनचं यंत्र आणि खिळ्याला टांगलेली उधारीची वही. सोबत चार एकर कोरडवाहू वावर. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, सीईटीचा फॉर्म, महाडीबीटी आणि यंदापासून सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवरची नोंदणी, हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. तालुक्यातल्या घरांत पैसा कधी येतो आणि कधी जातो हे मला जरा आधी कळतं, कारण पैशाच्या आधी त्याचा कागद माझ्याकडे निघतो.

वहीबद्दल आधी सांगतो, कारण हे पत्र वहीवरूनच सुचलं. नावासमोर रक्कम आणि रकमेसमोर मी एकच शब्द लिहितो : कापूस. म्हणजे हा माणूस कापूस निघाल्यावर पैसे देणार. जूनपासून वही भरत जाते आणि दिवाळीनंतर एकेक ओळ खोडली जाते. ही रीत माझ्या एकट्याची नाही. आमच्याकडे किराणावाला असाच थांबतो. कृषी केंद्रवाला थांबतो, थांबण्याचे पैसे खताच्या थैलीत लावून घेतो ती गोष्ट वेगळी. ट्युशनवाले सर थांबतात, न्हावी थांबतो, मंडपवालाही अर्धे पैसे पुढच्या हंगामावर सोडतो. न थांबणारं ठिकाण एकच. पोराला इंजिनिअर नाहीतर फार्मासिस्ट करायला जिथे पाठवतो, त्या कॉलेजची फीची खिडकी.

गेल्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. पोळ्याला अजून अवकाश होता, पाऊस लागून होता. एक कास्तकार पोराला घेऊन दुकानात आला. पोराला कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीत चांगलं कॉलेज लागलं होतं. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीमुळे शिकवणी शुल्क निम्मं, तरी डेव्हलपमेंट फी वगैरे धरून ५२ हजार भरायचे होते आणि हातात तीन दिवस. मे महिन्यात हाच माणूस पीक कर्जासाठी सातबारा काढून घेऊन गेला होता. कर्ज मिळालं होतं आणि ते सगळं बियाणं, डीएपी, युरिया आणि निंदणाच्या मजुरीत गेलं होतं. पोराने अलॉटमेंटची प्रिंट घेतली. बाप म्हणाला, “सारे पैसे त वावरात टाकले जी. आता तीन दिवसांत मी कुठून आणू?” मग वहीकडे बघून म्हणाला, “भाऊ, कापूस निघाल्यावर देतो असं त्याईले लिहून देता येते का?”

मी हसलो. प्रिंटचे चाळीस रुपये त्याच्या नावावर लिहिले, समोर ‘कापूस’ लिहिलं. तो गेला.

पुढे त्याने काय केलं ते मला हंगामात कळलं. त्याने एका व्यापाऱ्याकडून येणाऱ्या कापसावर उचल घेतली. व्यापाऱ्याने व्याज मागितलं नाही, कागदही केला नाही. एवढंच ठरलं की कापूस त्यालाच घालायचा, तो देईल त्या भावात. नोव्हेंबरात कापूस घरात आला तेव्हा त्या भावात आणि सीसीआयच्या भावात क्विंटलमागे नऊशे रुपयांचा फरक होता. वीस क्विंटल कापूस गेला, म्हणजे अठरा हजार रुपये गेले. ५२ हजारांचं साडेतीन महिन्यांचं भाडं अठरा हजार. साहेब, हे व्याज कुठल्याही पावतीवर नाही, कुठल्याही शुल्क नियामक प्राधिकरणाच्या आदेशात नाही. कॉलेजने ते घेतलं नाही, सरकारनेही घेतलं नाही. ते तारखेने घेतलं.

या पत्रात मला एवढंच सांगायचं आहे. आमच्या पोरांच्या शिक्षणात फीचा आकडा जेवढा आडवा येतो, तेवढीच फीची तारीख आडवी येते. आकड्यावर सरकारने पुष्कळ विचार केला. तारखेवर कोणी केला नाही.

आमचं वर्ष कसं चालतं ते एकदा बघा. पाडव्याला सालदाराचं साल बदलतं, त्याला उचल द्यावी लागते. मिरगाच्या आधी बियाणं. २०२५ च्या खरिपात बीटी कापसाची ४७५ ग्रॅमची एक थैली ९०१ रुपयांना होती. पेरणी साधली तर ठीक, मोड आली तर तोच खर्च दुसऱ्यांदा. जुलै-ऑगस्ट डवरणी, निंदण, फवारणी. पोळ्याला बैल सजवायला गोंडे-झुली घेतानासुद्धा माणूस खिसा चाचपतो. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघतं, पण त्यातून आधी मजुरी आणि किराणा फिटतो. दिवाळीच्या आगेमागे सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी लागते. जानेवारीत तूर. बेंबळेच्या कालव्याचं पाणी ज्यांच्या वावरात पोचतं त्यांचा हरभरा-गहू पुढे येतो, पण सगळ्यांच्या वावरात ते पोचत नाही. मग मार्च एंडिंग. वेळेत पीक कर्ज भरलं तर व्याज सवलत, म्हणून उरलंसुरलं सोसायटीत आणि बँकेत जमा. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने आमच्या घरात नोटा दिसतात. जून ते सप्टेंबर हे चार महिने आमचा पैसा मातीत असतो. आणि प्रवेश, फी, वसतिगृह, डिपॉझिट, पुस्तकं हे सगळं नेमकं त्याच चार महिन्यांत येतं. पहिल्या वर्षी कॅपच्या फेरीत, पुढच्या तिन्ही वर्षी सत्राच्या सुरुवातीला.

आपण म्हणाल, मग आधीच जमवून ठेवा. तेही आम्ही आमच्या परीने करतो. आमच्याकडचा सगळ्यात जुना शिक्षण निधी म्हणजे घरात साठवलेला कापूस. पोराची फी उन्हाळ्यानंतर भरायची आहे म्हणून लोक पंधरा-वीस क्विंटल कापूस मधल्या खोलीत कोंबून ठेवतात. त्याच खोलीत पोरं अभ्यास करतात आणि त्याच कापसाने अंगाला खाज सुटून रात्र रात्र जागतात. २०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला बारा हजारांच्या पुढे गेला. ज्यांनी ठेवला होता त्यांचं भलं झालं. ते बघून पुढच्या हंगामात गावंच्या गावं कापूस दाबून बसली, आणि २०२३ चा उन्हाळा येईपर्यंत भाव सात हजारांच्या आसपास उतरला. तेव्हा खाज सोसलेल्या पोरांची फी तर भरली गेली, पण बापाने आधी विकला असता तर जे मिळालं असतं त्याहून कमी पैशांत. बँकेतली ठेव घटत नाही. कापूस वजनात घटतो, भावात घटतो, आणि वर उंदीर लागतात.

माझं स्वतःचं सांगतो. मुलगी २००७ ची. २०१५ साली सुकन्या समृद्धी योजना आली तेव्हा ती आठ वर्षांची होती, खातं उघडायला दहाच्या आत वय लागतं, म्हणून मी लगेच उघडलं. त्या योजनेत मला एक गोष्ट फार आवडली. दर महिन्याला भरायची सक्ती नाही. वर्षाला किमान रक्कम भरली की खातं चालू राहतं. ती आता २५० रुपये आहे. जास्तीत जास्त दीड लाख. म्हणजे ती योजना करणाऱ्याला ठाऊक असो वा नसो, ती कापसाच्या घराला बसते. मी दर जानेवारीत, कापसाच्या पट्टीचे पैसे खात्यात आले की घरी जायच्या आधी पोस्टात जायचो आणि दहा हजार भरायचो. घरी गेल्यावर ते पैसे उरत नाहीत हे मला माहीत होतं. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी उभीच खाल्ली. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात फवारणीचं विष चढून माणसं मेली. त्या जानेवारीत मी तेव्हाचे किमान हजार रुपयेच भरले. एवढं एक साल सोडलं तर चुकलो नाही. गेल्या मार्चअखेर खात्यात एक लाख तीस हजारांच्या आत-बाहेर होते.

याच दहा वर्षांत लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ४,१०० वरून ८,११० झाला. दुप्पट. पण मजुरीही त्या मानाने चढली, म्हणून वावरातून शिल्लक दुप्पट झाली नाही. जी काही शिल्लक पडली ती पोस्टातल्या खात्यातच.

मग ऑगस्ट आला. मुलीला जिल्ह्याबाहेर प्रवेश मिळाला. सुकन्याच्या नियमात मुलगी अठरा वर्षांची झाली किंवा दहावी झाली की आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीतले निम्मे पैसे शिक्षणासाठी काढता येतात. म्हणजे पासष्ट हजारांच्या आसपास. मी अर्ज घेऊन पोस्टात गेलो. तिथे म्हणाले, प्रवेश पक्का झाल्याचा किंवा फीचा कागद आणा. कॉलेजच्या खिडकीवर म्हणाले, पैसे भरा, मग कागद. तीन दिवसांत मी या खिडकीवरून त्या खिडकीवर चार चकरा मारल्या. ज्याचं पोट कागदांवर चालतं त्या माणसाची ही गत. शेवटी बायकोच्या बचत गटातून वीस हजार आणि मेहुण्याकडून तीस हजार घेतले, खिडकीत भरले, कागद घेतला, आणि अकरा दिवसांनी माझेच पैसे मला मिळाले. दहा वर्षं आधी नियोजन करूनही मी तीन दिवसांत हरलो. ज्याने नियोजन केलं नाही त्याला तर नाव ठेवायलाही माझी जीभ उचलत नाही.

आता आभार. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. हा निर्णय नुसता जाहिरातीत राहिला नाही, तो माझ्या टेबलावरून दिसतो. पूर्वी ‘पोरगी आहे, बी.ए.ला टाकून देऊ’ म्हणणारे बाप आता कॅपचा फॉर्म भरताना पर्यायांची यादी पोरीलाच लिहू देतात. माझ्या मुलीचंही शिकवणी शुल्क माफ झालं.

पण माफीनंतर जे उरलं त्याचा हिशेब असा. डेव्हलपमेंट फी १२ हजार. वसतिगृह ३५ हजार. डिपॉझिट ५ हजार. ड्राफ्टर, पुस्तकं, ॲप्रन मिळून ६ हजार. लॅपटॉप ४० हजार. मेसचे महिन्याला ३ हजार, दहा महिने धरले तर ३० हजार. एकूण १ लाख २८ हजार, आणि त्यातले जवळजवळ लाखभर पहिल्या महिन्यातच. धामणगावला जाऊन रेल्वेने येण्या-जाण्याचा खर्च धरलेला नाही. म्हणजे ज्या पोरीची शिकवणी फी शून्य आहे तिला पहिल्या वर्षी सव्वा लाख लागतो. शिकायला लागतो तो पैसा सरकारने पाहिला. राहायला, जेवायला लागतो त्यासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे, इतर मागास मुलांसाठी सावित्रीबाईंच्या नावाची, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. तिन्ही चांगल्या. तिन्हींचे अर्ज मी भरतो. पण ते पैसे येईपर्यंत पोरं घरून आणलेल्या डब्यावर आणि मित्रांच्या उसनवारीवर दिवस काढतात. भाऊसाहेब पंजाबरावांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं ते याचसाठी की खेड्यातलं पोर शहरात शिकायला गेलं तर आधी त्याच्या डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकर पाहिजे. त्यांच्या नावाची भाकर पोरापर्यंत पोचायला सत्र उलटू नये.

महाराष्ट्राने गरिबाच्या शिक्षणाच्या वाटेत आलेले अडसर एकेक करून काढलेले आहेत. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी फीची ईबीसी सवलत आली. माझ्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी मास्तर, ग्रामसेवक, तलाठी त्या तीन अक्षरांवर झाले. मग १९८३ साली वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. जागा वाढल्या, तशी फीही वाढली. तिला लगाम घालायला २०१५ साली प्रवेश व शुल्क नियमनाचा कायदा झाला आणि कोणतं कॉलेज किती फी घेईल हे प्राधिकरण ठरवू लागलं. किती घ्यायची हे सरकार ठरवू शकतं, तर कधी घ्यायची हेही ठरवू शकतं. त्याला नवी तिजोरी लागत नाही.

‘शैक्षणिक कर्ज घ्या’ असं आम्हाला नेहमी सांगितलं जातं, म्हणून तेही सांगतो. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली, तिच्यात तारण नाही, जामीन नाही, पण ती यादीतल्या संस्थांपुरती. बाकीच्यांनी साध्या कर्जाला जायचं. तिथे सहकर्जदार म्हणून बापाची सही लागते आणि बापाचं सिबिल निघतं. २०१७ मध्ये कर्जमाफी झाली, २०१९ च्या शेवटी पुन्हा झाली. मधल्या काळात आणि आताही, ‘माफी येणार आहे, भरू नका’ असं सांगणारे चौकाचौकांत भेटतात. त्यांचं ऐकून ज्याने पीक कर्ज थकवलं, त्याचं सिबिल बिघडलं. माफीने कर्ज जातं, सिबिलवरचा डाग लगेच जात नाही. चार वर्षांनी त्याच्या पोरीचं शैक्षणिक कर्ज त्याच डागावर अडतं. एका बँकेत माझ्यासमोर एका हुशार पोरीला ‘वडिलांचं खातं थकीत आहे’ एवढंच सांगून परत पाठवलं. पोरगी विचारत होती, “कर्ज त मी फेडनार ना सर, मंग बाबांचं काहाले पाहता?” तिला उत्तर मिळालं नाही.

ऑस्ट्रेलियात १९८९ पासून पद्धत अशी आहे की विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी काही भरलं नाही तरी चालतं. शिकून कमाई ठरावीक रकमेच्या वर गेली की कराबरोबर थोडी थोडी फी कापली जाते. कमाई नाही तर कापणीही नाही. आमच्या वहीत हेच आहे. ज्याला द्यायचं आहे त्याच्या हातात पैसा येईल तेव्हा घ्या. बाभुळगावच्या न्हाव्याला जे कळलं ते एका देशाने कायद्यात लिहिलं, एवढाच फरक.

आता थोडं आमच्या पदरचं. सगळा दोष सरकारवर टाकून मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. आमच्याकडे पोरगी जन्मली की तिच्या लग्नाची तजवीज सुरू होते आणि तिच्या कॉलेजची तजवीज बारावीचा निकाल लागल्यावर. दर दिवाळीला ग्रॅमभर सोनं घेणारा बाप पोस्टाच्या पायऱ्या चढत नाही. पोराच्या दहावीच्या पार्टीला मंडप घालतो आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला काढायला पोराला जूनच्या अखेरीला पाठवतो, जेव्हा तहसीलचं सर्व्हर आणि माझं नेट दोन्ही आडवे झालेले असतात. पीएम किसानचे आणि नमो शेतकरीचे मिळून वर्षाला बारा हजार येतात, तेही दोन-दोन हजारांनी, आणि तसेच दोन-दोन हजारांनी विरघळतात. माझ्या बायकोने मात्र लाडक्या बहिणीचे पंधराशे रुपये ऑगस्ट २०२४ पासून पोस्टाच्या आरडीत लावले आहेत. मुलगा तेव्हा आठवीत होता. पाच वर्षं चुकलं नाही तर नव्वद हजारांचे एक लाख सात हजारांच्या आसपास होतील आणि बरोबर तो बारावी झाल्यावर हातात येतील. ती म्हणते, “आले तवा आले, नाही आले त नाही. जवरी येतात तवरी आपले.” घरच्या अर्थखात्याची ही भाषा मला कुठल्याही सल्लागाराच्या पुस्तकात सापडली नाही. ती पुस्तकं पगारदारांसाठी असतात. त्यांत प्रत्येक महिन्याला एक तारीख येते. आमच्या वर्षात पैशाचे चारच महिने आहेत.

म्हणून माझ्या मागण्या चार आहेत, आणि चारही कोरड्या आहेत.

पहिली. ज्या विद्यार्थ्याचं घर शेतीवर चालतं त्याच्याकडून प्रवेशाच्या वेळी थोडी रक्कम घ्यावी आणि बाकीची फी ३१ जानेवारीपर्यंत, विलंब शुल्क न लावता, भरू द्यावी. कोण शेतकरी हे ठरवायला नवा दाखला काढू नका, आमच्या रांगा आधीच लांब आहेत. २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. कोणाच्या गटात किती आर कापूस आहे हे सरकारला माझ्याआधी दिसतं. वावर नसलेल्या मजुरालाही ही सवलत असावी, कारण वेचाईचे पैसे त्यालाही तेव्हाच मिळतात. कॉलेजांना पगार करायचे असतात हे मला समजतं, म्हणून शासनाकडे त्यांची शिष्यवृत्तीची जी रक्कम थकते तिचा पहिला हप्ता त्यांना सप्टेंबरात द्या. मग तेही थांबतील.

दुसरी. निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता पोरगं वसतिगृहात शिरल्यापासून महिनाभरात त्याच्या खात्यात पडावा. मागच्या वर्षी ज्याला मिळाला आणि जो पास झाला, त्याच्याकडून तेच सगळे कागद पुन्हा मागू नयेत.

तिसरी. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जातवैधता ही कामं अकरावीच्या हिवाळ्यात गावोगावच्या शाळांत शिबिरं घेऊन उरकावीत. माझा जून-जुलैचा धंदा त्याने बुडेल. बुडू द्या.

चौथी, आणि मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रत्येक अभ्यासक्रमाचा पूर्ण खर्च आधी सांगा. नुसती शिकवणी फी नको. डेव्हलपमेंट, डिपॉझिट, वसतिगृह, मेस धरून सगळ्या वर्षांचा आकडा, आणि कोणती रक्कम कोणत्या महिन्यात लागेल ते, एका पानावर, मराठीत, नववीच्या वर्गात भिंतीला लावा. कापसाचा हमीभाव पेरणीच्या तोंडावर जाहीर होतो, तो मिळो न मिळो, पण माणूस त्यावरून ठरवतो काय पेरायचं. पोराच्या शिक्षणाचा भाव मात्र आम्हाला कापणीच्या दिवशी कळतो.

ज्या कास्तकारापासून हे पत्र सुरू झालं तो डिसेंबरात दुकानात आला होता. कापूस देऊन झाला होता. न मागता त्याने चाळीस रुपये टेबलावर ठेवले आणि मी त्याची ओळ खोडेपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, “भाऊ, जरा पाहून सांगता का? पुढच्या वर्साले पोराची फी किती आन् कधी? आता हातात हायेत, काढून ठेवतो म्हनलं बाजूले.”

मी खुर्ची सरकवून कॉलेजचं संकेतस्थळ उघडलं. मागच्या वर्षीच्या सूचना होत्या. पुढच्या वर्षीची ना रक्कम होती ना तारीख. मी सीईटी कक्षाचं पान उघडलं, प्राधिकरणाचं उघडलं. तो माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होता, वाचता येत नसलं तरी आकडा ओळखता येतो म्हणून. पंधरा मिनिटांनी मी त्याला सांगितलं, “दादा, अजून टाकलं नाही त्यांनी.”

तो म्हणाला, “बरं. मंग टाकलं का फोन करजा.” आणि पैसे पुन्हा खिशात ठेवले.

त्याचा नंबर मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे. तारीख आणि रक्कम आपण कळवाल तेव्हा फोन करीन.

आपला विश्वासू,
एक कास्तकार आणि झेरॉक्सवाला
बाभुळगाव, जि. यवतमाळ
जानेवारी २०२६